हॅनिगन स्ट्रीटच्या लख्ख खिडक्या

पाहुणे येणार म्हटले की घर आवरायला कोण धावत नाही? पसारा कपाटात कोंबायचा, टेबलावरून हात फिरवायचा आणि बेल वाजली की दार उघडून म्हणायचे, "या या, घर कसं पडलंय ते बघू नका हं!" जगभर हेच चालते आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. पण आमच्या पोर्ट ट्रेव्हेनमध्ये, त्यातही हॅनिगन स्ट्रीटवर, या साध्या सवयीने एकदा असा घोळ घातला की त्याची आठवण झाली तरी मान खाली जाते. आमची जाते आणि आमच्यापेक्षा कितीतरी शिकलेल्या एका बाईचीही जाते. मी त्याच रस्त्यावर राहते. तेव्हा सांगताना कुठे कोणाची बाजू घेतली असे वाटले तर माफ करा.

आमचे गाव शिशावर जगते. खाडीच्या काठाला शिसे गाळायचा कारखाना शंभराहून अधिक वर्षे उभा आहे. घरटी एक माणूस तिथे भट्टीवर, नाहीतर गोदीवर. उत्तरेचा गरम वारा सुटला की कारखान्याकडची करडी धूळ गावावर येते आणि छपरांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, मुलांच्या खेळण्यांवर बसते. मुले ती खेळणी तोंडात घालतात. म्हणून दरवर्षी मुलांच्या बोटाला सुई टोचून रक्तातले शिसे मोजतात. आम्ही त्याला नुसते 'आकडा' म्हणतो. आकडा पाचच्या खाली आला तर आई तो दुकानाच्या रांगेत मोठ्याने सांगते. वर गेला तर आई दुकानात जायची वेळच बदलते.

कारण गावात एक समजूत पक्की बसली होती: आकडा चढला म्हणजे आई गबाळी! पत्रकेही तशीच वाटली जायची. मुलांचे हात धुवा, फरशी ओल्या फडक्याने पुसा, बूट बाहेर काढा. सांगितलेले खोटे नव्हते. पण वाचणाऱ्या बाईला प्रत्येक ओळीत एकच ऐकू यायचे, 'तुझे घर घाणेरडे आहे.'

अशा या गावात डॉ. हीदर पेंगेली आपली पांढरी गाडी घेऊन आली. आली म्हणजे परतली. ती आमच्याच रस्त्यावरच्या नऊ नंबरच्या घरातली, भट्टीवरच्या कामगाराची मुलगी. शिष्यवृत्ती मिळवून ॲडलेडला गेली आणि जीवरसायनशास्त्राची मोठी संशोधक झाली. वडील गेले होते, आई व्हाल्डा मात्र अजून त्याच घरात होती. हीदरला एकच प्रश्न पडला होता. रस्ता एक, वारा एक, धूळ एक. मग एका मुलाचा आकडा चार आणि शेजारच्या मुलाचा चौदा, असे का?

तिचे उत्तर तिच्या विषयातले होते. आपल्या शरीरात रक्त तयार करायला मदत करणारे एक एन्झाइम असते. त्याला काम करायला जस्ताचा कण लागतो. शिसे काय करते, तर जस्ताच्या जागेवर जाऊन बसते, लग्नात मानाच्या खुर्चीवर बसलेल्या आगंतुकासारखे, आणि उठायचे नाव घेत नाही. काही माणसांच्या जनुकात एवढासा फरक असतो आणि त्यांचे एन्झाइम शिशाला जास्तच घट्ट धरून ठेवते. हा फरक आमच्या मुलांत आहे का, हे ती शोधत होती.

तीन वर्षे ती साठ घरांत फिरली. मुलांचे रक्त घ्यायची आणि स्वयंपाकघरात सिंकवरच्या खिडकीच्या पट्टीवर ओले पांढरे कापड फिरवून धूळ टिपून न्यायची. चोवीस घरांत तिला नवल वाटले. मुलांचे आकडे चढलेले, पण खिडक्या लख्ख! कापड फिरवावे तर पांढरेच्या पांढरे. ती घरे बहुतेक हॅनिगन स्ट्रीटवरची होती. घरात धूळ नाही आणि रक्तात शिसे आहे, म्हणजे दोष धुळीचा नाही, रक्ताचा. नऊ मुलांत तिला तो जनुकातला फरक सापडलाही. उरलेल्या पंधरांत नाही सापडला, तर तिने लिहिले की त्यांच्यात अजून माहीत नसलेला दुसरा एखादा फरक असला पाहिजे. शोधनिबंध छापून आला आणि वर्षभर गावात त्याचीच चर्चा झाली. वाहवा झाली.

हीदर वाईट नव्हती बरे का, आणि विकली गेलेली तर मुळीच नव्हती. तिला ते मनापासून खरे वाटत होते. पण कारखान्याचे मिस्टर ब्रॅम्वेल यांना ते तिच्याहूनही जास्त खरे वाटले. निबंधाच्या प्रती घेऊन ते नगरपालिकेत गेले. आमच्या रस्त्यावरच्या अंगणांतली माती बदलायची आणि छतांच्या पोकळीत साठलेली धूळ ओढून काढायची, असे काम ठरले होते. ब्रॅम्वेल म्हणाले, "कशाला? डॉक्टरच सांगतात, घरं स्वच्छ आहेत. प्रश्न त्या कुटुंबांच्या रक्ताचा आहे. त्यांनी वाटल्यास दुसरीकडे राहायला जावं." गुरुवारी गावाच्या सार्वजनिक हॉलमध्ये सभा ठरली. हीदरने तिथे बोलायचे आणि मग काम रद्द करायचा ठराव व्हायचा. ती दोन दिवस आधीच आईकडे येऊन राहिली.

बुधवारी सकाळी मायलेकी स्वयंपाकघरात चहा घेत होत्या, तेवढ्यात मागच्या दारी रोझाना आली. रोझाना चौदा नंबरची. माहेर मासेमारी करणाऱ्या इटालियन कुटुंबातले, नवरा डीन भट्टीवर, आणि पाच वर्षांची मुलगी एली. हातात बदामाच्या बिस्किटांची बशी होती, कारण आमच्याकडे रिकाम्या हाताने कोणी कोणाकडे जात नाही.

"डॉक्टर, दोन मिनिटं बोलू का?"

"हीदर म्हण गं. बस ना."

रोझाना बसली नाही. "एकच विचारायचंय. आमच्या एलीचं रक्त असं आहे, ते माझ्याकडून आलंय की डीनकडून?"

"तसं एका वाक्यात सांगता येणार नाही."

"एका वाक्यातच सांगा. माझ्या सासूला लांबलचक कळत नाही."

व्हाल्डा चहाच्या कपात फसकन हसली. हीदरलाही हसू आले, पण रोझानाचा चेहरा बघून ते विरले.

"सासू म्हणते, आमच्या घराण्यात असलं रक्त नव्हतं, तुमच्या त्या मासेमारांकडून आलं असेल. वर्षभर हेच ऐकतेय. पूर्वी गबाळी म्हणायची. आता म्हणते, रक्तातच खोट." तिने बशी टेबलावर ठेवली. "तो फरक एलीत सापडला का?"

हीदरने जरा आठवून सांगितले, "तिच्यात अजून सापडलेला नाही. पण दुसरा एखादा असणार."

"असणार?"

"कारण तुझं घर इतकं स्वच्छ आहे, रोझाना. तीन वर्षांत सहा वेळा कापड फिरवलं. सहाही वेळा कोरं! असं घर आणि आकडा सोळा. मग दुसरं काय कारण असू शकतं?"

रोझानाने बशीतली बिस्किटे सारखी केली. मग खाली बघत म्हणाली, "म्हणजे दुसरं मूल होऊ द्यायचं नाही. तेही तसंच निघणार. आम्ही तो विचार सोडूनच दिलाय म्हणा. पण म्हटलं, एकदा तुमच्या तोंडून ऐकावं."

हीदरला तिची फार दया आली. तिने रोझानाच्या हातावर हात ठेवला. "यात तुझा काही दोष नाही. तू किती टापटीप आहेस, ते मी स्वतः लिहून घेतलंय."

हे ऐकून रोझानाला बरे वाटायला हवे होते. पण ती कानापर्यंत लाल झाली आणि चोरी पकडल्यासारखी व्हाल्डाकडे बघू लागली. व्हाल्डाने कप खाली ठेवला.

"तू सांगतेस की मी सांगू?"

"व्हाल्डा, नको!"

"मग मीच सांगते. हीदर, ती खिडकी पुसलेली होती."

"हो, स्वच्छ होती. तेच तर म्हणतेय मी."

"अगं, ऐक जरा! तू यायच्या आधी पुसलेली होती. दहा मिनिटं आधी. सहाही वेळा."

व्हाल्डा पुढे म्हणाली, "तू गावात आलीस की पहिली गाडी कुठे लावायचीस? माझ्या दारात. तू बाथरूममध्ये गेलीस की मी कोपऱ्यावरच्या शीलाला फोन करायचे. शीला रोझानाला, रोझाना पुढच्या घरी. 'डॉक्टर आल्यात, खिडकी पुसा!' तू तोंड धुऊन बाहेर येईपर्यंत सगळा रस्ता लख्ख!"

(पाचवा फोन मला यायचा. आणि मी पुसायचे, हे इथे सांगून टाकते.)

"आई!" हीदर उभी राहिली. "हे संशोधन आहे! पाहुण्यांचा चहा नाही! तीन वर्षं... इतक्या बायका... आणि एकीनंही मला सांगितलं नाही?"

"तू विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? धूळ मोजायला आलेल्या माणसासमोर धूळ पुसून ठेवायची नसते, हे समजायला नको?"

"ओरडू नकोस. तुझा तो फॉर्म आण."

व्हाल्डाचा आवाज चढला नव्हता, तरी हीदर मुकाट्याने पिशवीतून फॉर्म घेऊन आली.

"चौथा प्रश्न वाच. मोठ्यानं वाच."

"घरातील स्वच्छतेच्या सवयी. चांगल्या, मध्यम, वाईट."

"खूण कोण करायचं?"

"मी."

"दारात उभं राहून? तिच्या देखत?"

हीदरने फॉर्म टेबलावर पालथा ठेवला.

"आता ही बाई दारात उभी आहे," व्हाल्डाने रोझानाकडे बोट केले. "पोरीचा आकडा सोळा. अख्खं गाव गबाळी म्हणतंय. सासू घरात, शेजारीण कुंपणावर. आणि समोर ॲडलेडची डॉक्टर हातात पेन धरून तिच्या खिडकीकडे बघतेय. काय करावं तिनं? म्हणावं, या, बघा माझी घाण?"

"मला माहीत नव्हतं, आई."

"तुला माहीत नव्हतं? तुला? अगं, शाळेत लाल कार्ड कोणाच्या हातात दिलं होतं?"

आणि तिथे हीदर खुर्चीत बसली.

ती सात वर्षांची होती. शाळेत आरोग्य खात्याची बाई आली होती. आकडा कमी त्याला हिरवे कार्ड, जास्त त्याला लाल. हीदरच्या लाल कार्डावर लिहिले होते, 'घराची स्वच्छता सुधारावी.' दुसऱ्या दिवशी शेजारी बसणाऱ्या मुलीच्या आईने मुलीची जागा बदलून घेतली. व्हाल्डा त्या दिवशी जेवली नव्हती. त्यानंतर आरोग्य खात्याची गाडी रस्त्याच्या तोंडाशी दिसली की व्हाल्डा हाक मारायची, "हीदर, फडकं घे!" आणि सात वर्षांची हीदर स्टुलावर चढून सिंकवरची खिडकी पुसायची. स्वतःच्या हाताने! कितीतरी वेळा!

तिला माहीत होते. आमच्या रस्त्यावर पाहणीला येणाऱ्या माणसासाठी खिडकी पुसून ठेवतात, हे जगातल्या सगळ्या शास्त्रज्ञांत फक्त एकीला माहीत असायला हवे होते. आणि तीच गाडीतून उतरून कोरी कापडे गोळा करत बसली होती. कारण शिकून मोठे होताना तिने पहिल्यांदा काय विसरून टाकले असेल, तर ते लाल कार्ड.

"तुला दोष देत नाही मी," व्हाल्डा आता हळू बोलत होती. "पण एवढं लक्षात ठेव, पोरी. माणसाला लाजवलंस की तो लपवतो. मग तू जे मोजून नेतेस ते आमचं घर नसतं, आमची लाज असते."

हीदरने तो फॉर्म उचलला. मग ती उठली. "रोझाना, तुझ्या घरी येऊ? आत्ता?" आणि आईकडे वळून म्हणाली, "फोनला हात लावू नकोस."

"आता कशाला लावू?"

रोझानाच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकताच रोझानाचा हात आपोआप फडक्याकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि दोन्ही हात बगलेत दाबून धरले. हीदरने गाडीतून शिसे मोजायचे हातात धरायचे यंत्र आणले होते. खिडकी कालपासून पुसलेली नव्हती. यंत्रावरचा आकडा बघून तिने यंत्र पुन्हा तपासले. दुसऱ्यांदाही तेच! दाराच्या चौकटीवर, जिथे रोझानाचा हात पोचत नव्हता, तिथे तो वीस पट जास्त होता. मग ती एलीच्या खोलीत गेली. पलंगाच्या बरोबर वर छताला बारीक चीर गेली होती आणि चिरेच्या कडेने करड्या धुळीची रेघ उमटली होती. छताच्या पोकळीत शंभर वर्षांची धूळ साठली होती. वारा आला, दार आपटले, की त्यातली चिमूटभर पोरीच्या उशीवर पडत होती.

"तू रोज पुसतेस आणि हे रोज वरून पडतंय," हीदर म्हणाली.

"म्हणजे मी गबाळी नाही?"

"नाही."

"आणि आमचं रक्त?"

हीदरला तिच्याकडे बघवेना. "एलीच्या रक्तात खोट असल्याचा माझ्याकडे एकही पुरावा नाही. कधीच नव्हता. मी 'असणार' म्हणून लिहून टाकलं. माझं चुकलं, रोझाना."

रोझाना काही लगेच विरघळली नाही. का विरघळावी? "चुकलं म्हणता. तुमच्या त्या 'असणार'पायी मी वर्षभर घरात मान वर करून जेवले नाही. पोरीला कुशीत घेताना मला वाटायचं, हिला मीच हे दिलंय." तिने डोळे पुसून विचारले, "उद्या सभेत सांगणार हे?"

"सांगणार."

"मग आमची नावं घेऊ नका. गबाळी झाले, रक्तात खोट असलेली झाले. आता खोटारडी नाही व्हायचं मला."

"नाही घेणार," हीदरने शब्द दिला.

गुरुवारी सकाळी तिने ब्रॅम्वेलना फोन करून निबंधात चूक असल्याचे सांगितले. ते अगदी गोडीने म्हणाले, "अहो डॉक्टर, चूक कोणाची होत नाही? आणखी अभ्यासाची गरज आहे, एवढं एक वाक्य बोला आणि खाली बसा. तुमचंही नाव राहील." खरे सांगायचे तर क्षणभर हीदरला ते वाक्य आवडले. आपल्याला तसे वाटले, याचीही लाज तिला वाटली. ती तिने नंतर आमच्याजवळ बोलून दाखवली, म्हणून मला माहीत.

हॉल गच्च भरला होता. पुढच्या ओळीत नगरपालिकेची मंडळी आणि ब्रॅम्वेल. मधे रोझाना, शेजारी तिची सासू. हीदर उठली आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाली, "माझा शोधनिबंध चुकीचा आहे. हॅनिगन स्ट्रीटवरच्या घरांत शिसं आहे. काल मी ते मोजलं. मी तो निबंध मागे घेत आहे."

गलका झाला. ब्रॅम्वेल उभे राहिले. "डॉक्टर, तुमची ती कापडं तर कोरी होती ना? मग ती कशी? की घरच्या बायकांनी तुम्हाला फसवलं?"

हॉलमधल्या कितीतरी बायका आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. मीही शोधत होते.

"बायकांनी नाही," हीदर म्हणाली. "पहिली पुसलेली खिडकी नऊ नंबरच्या घरातली होती. माझ्या आईच्या. ती खिडकी लहानपणी मी स्वतः पुसलेली आहे, पाहणीची गाडी यायच्या आधी. कारण माझ्या हातात लाल कार्ड दिलं होतं. हे सगळं माहीत असून मी या गावात आले आणि काय केलं? तुमच्या दारात उभी राहून तुम्हाला चांगल्या, मध्यम, वाईट असे शेरे दिले!" तिने तो फॉर्म वर धरला. "ज्यांना मी 'वाईट' शेऱ्याचा धाक घातला त्यांनी खिडकी पुसली, यात नवल काय? आणि मग त्याच पुसलेल्या खिडकीच्या जोरावर मी त्यांच्या लेकरांच्या रक्ताला खोट लावली. अशी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही. मला माफ करा."

आणि मग कोणीही नाव घेतलेले नसताना रोझाना उठली.

"माझी खिडकी पुसलेली होती," ती म्हणाली. तिने बाजूला बसलेल्या सासूकडे बघितले. "सहा वेळा. लाज वाटत होती म्हणून पुसली. मला आधी कोणी विचारलं असतं ना, की बाई, धूळ कुठून येते तुझ्याकडे, तर मी हात धरून दाखवलं असतं."

शीला मागून ओरडली, "माझी नव्हती हं पुसलेली! माझ्याकडे मुळात धूळच नसते!"

"शीला, तुला फोन मीच करत होते!" व्हाल्डा बसल्या जागेवरून म्हणाली, आणि सगळा हॉल हसला. शीलाही हसली. मग एकेक हात वर होऊ लागले. माझा जरा उशिराच गेला, पण गेला. रोझानाच्या सासूने हात वर केला नाही. तिने फक्त आपल्या मांडीवर झोपलेल्या एलीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

ठराव बारगळला. पुढच्या महिन्यापासून आमच्या रस्त्यावर माती बदलायचे आणि छतांमधली धूळ काढायचे काम सुरू झाले. पण सगळे गोड झाले असे समजू नका. हीदरचा निबंध मागे घेतल्याची बातमी तिच्या क्षेत्रात पसरली आणि काही जणांनी तिच्याशी बोलणे टाकले. त्याचे तिला फार दुःख नाही. दुःख आहे ते सतरा नंबरच्या ट्रेगिअर कुटुंबाचे. 'आपले रक्तच असले' म्हणून त्यांनी सभेच्या आधीच घर विकले आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. हीदरने त्यांना पत्र लिहिले, मग दुसरे लिहिले. उत्तर आलेले नाही.

पुन्हा मोजणी सुरू करताना, घरात मूल असो नसो, ती रस्त्यावरच्या प्रत्येक घरी आली ती नवा फॉर्म घेऊन. चौथा प्रश्न त्यात नव्हता. फॉर्म तिने भरलाही नाही. टेबलावर ठेवून म्हणाली, "तुम्हीच लिहा. आणि एक विनंती आहे. सिंकवरची पट्टी मुलांच्या हाताला लागत नाही. तेवढी एक सात दिवस पुसू नका. बाकी सगळं खुशाल पुसा."

वाचकहो, सात दिवस! तुम्हाला सोपे वाटेल. आमच्या रस्त्यावरच्या बायकांनी याहून कठीण काम केलेले नाही. भांडी घासताना ती करडी पट्टी समोर दिसायची आणि हात शिवशिवायचे. शेजारीण आली की तोंडावर यायचे, 'डॉक्टरांनी सांगितलंय हं, म्हणून ठेवलीय.' पाचव्या दिवशी रोझानाची सासू तिच्या स्वयंपाकघरात आली, पट्टीकडे बघितले, फडके उचलले आणि परत ठेवून दिले. रोझानाने हे मला कुंपणावरून सांगितले तेव्हा ती रडत होती की हसत होती, मला कळले नाही.

सातव्या दिवशी सकाळी हीदरच्या प्रयोगशाळेत फोन वाजला.

"मी बोलतेय," व्हाल्डा म्हणाली. "मी पुसली."

"काय पुसली?"

"खिडकी, अजून काय! चौथ्या दिवशी चर्चमधली मंडळी चहाला आली. राहवलं नाही गं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हात आहे, आपोआप गेला. आज तुझी माणसं येतील आणि स्वच्छ आहे म्हणून लिहून नेतील, म्हणून म्हटलं आधीच सांगावं. माझं घर धरू नकोस. किंवा धर, पण पुसली होती असं लिही."

हीदरने फॉर्म ओढला आणि लिहिले, 'घर क्रमांक नऊ. चौथ्या दिवशी पुसली. स्वतः सांगितले.' आमच्या रस्त्याकडून तिला मिळालेली ती पहिली खरी नोंद होती.

बंधुभगिनींनो, आजार हा कोणाच्या गबाळेपणाचा पुरावा नसतो आणि कोणाच्या घराण्याचा कलंकही नसतो. तो कुठून येतो हे खरेच जाणून घ्यायचे असेल, तर आजारी घरच्या दारात शेरा द्यायला उभे राहू नका. आत जा, बसा, चहा घ्या, आणि विचारा. आणि पुन्हा कधी एखाद्या आईला तिच्या मुलाच्या दुखण्यावरून बोल लावावासा वाटला, तर आधी वर बघा. धूळ बहुधा छतातून पडत असते, आणि ते छत तिने बांधलेले नसते.